आधी गावाची कामं उरका, मग जग वाचवा

टोर्ना: द गोल्डन कंट्री परत एकदा खेळून झालं आणि परत त्याच जागी तेवढीच चिडचिड झाली, म्हणून हे लिहायला बसलोय. ज्यांनी खेळलंय त्यांना मी कुठल्या जागेबद्दल बोलतोय ते कळलं असेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ हा गेम निंटेंडो स्विचवर आला डिसेंबर २०१७ मध्ये, आणि त्याचं हे एक्सपान्शन, म्हणजे गोष्टीची जोडपुरवणी, आलं सप्टेंबर २०१८ मध्ये. गोष्ट मूळ गेमच्या ५०० वर्षं आधीची. कार्ट्रिजवर वेगळंही विकलं होतं, त्यामुळे मूळ गेम नसला तरी खेळता येतं. (पुढे स्पॉयलर आहेत, पण टोर्नाचं शेवटी काय होतं हे मूळ गेम स्वतःच सांगून मोकळा होतो, त्यामुळे फार जीवाला लावून घेऊ नका.)

आधी चांगलं सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा फक्त खुसपटं काढतो. कॉम्बॅट मूळ गेमपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे, ड्रायव्हर (लढणारा माणूस) आणि ब्लेड (त्याला ताकद देणारा साथीदार) दोघांनाही आपण चालवू शकतो, अदलाबदल करत लढायला जाम मजा येते. लॉरा आणि जिन ही जोडी मला मूळ गेमचा नायक रेक्स याच्यापेक्षा दहापट आवडते. मॅप छोटा पण भरलेला, गॉरमॉट आणि टोर्ना असे दोनच टायटन (ज्यांच्या पाठीवर देश वसलेत असे महाकाय प्राणी), आणि रात्री शेकोटीजवळ बसून स्वयंपाक, गप्पा, सगळं कसं मस्त निवांत. मूळ गेममध्ये ब्लेड मिळवायला जो लॉटरीचा प्रकार होता तो इथे अख्खा काढून टाकलाय, त्यासाठी तर गेम बनवणाऱ्या मोनोलिथ सॉफ्टवाल्यांचे पाय धरायला हवेत.

आणि मग येते ती कम्युनिटी.

म्हणजे काय, तर वाटेत भेटणाऱ्या लोकांची कामं केली, त्यांच्याशी बोललं की ते तुमच्या ओळखीच्या मंडळींत जमा होतात. एका स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे दिसतात, जितके लोक जास्त तितकी कम्युनिटीची लेव्हल वर. कल्पना म्हणून बेस्ट. पण हे ऐच्छिक नाहीये! स्टोरी दोन ठिकाणी थांबते आणि सांगते की कम्युनिटीची लेव्हल अमुक झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिल्यांदा लेव्हल २ मागतात. ते ठीक आहे, तोवर आपण इकडेतिकडे फिरत असतोच, फारसं जाणवतही नाही. दुसऱ्यांदा मागतात लेव्हल ४, आणि ती मागतात कधी, तर शेवटाच्या तोंडावर. खलनायक मालोस मोकाट सुटलाय, सगळे तयार उभे आहेत, संगीत बदललंय, आपण पण खुर्चीत सरसावून बसलोय, आणि गेम म्हणतो, थांबा, आधी अजून थोडी माणसं जोडून या. म्हणजे अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं सुरू झालीत, आणि भटजी नवरदेवाला सांगतायत की जरा पंगतीत जाऊन चार लोकांना मठ्ठा वाढून ये, मग पुढचं म्हणतो.

इथे माझं म्हणणं नीट ऐका, कारण या विषयावर नेटवर भांडणं होतात आणि त्यात दोनच पार्ट्या असतात. एक म्हणते सक्तीची साईड क्वेस्ट (मुख्य गोष्टीबाहेरचं काम) म्हणजे फिलर, तास वाढवायचे धंदे, विषय संपला. दुसरी म्हणते की अहो तुम्हाला कळलंच नाही, ते लोक नंतर सगळं गमावणार आहेत, त्यांना ओळखल्याशिवाय शेवटाचं दुःख पोचणार कसं. मला दुसरी पार्टी जास्त पटते. खरंच पटते. टोर्ना बुडणार हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहितीये, आणि म्हणूनच कुणाचं तरी हरवलेलं सामान शोधून देणं, कुणाला तरी भाजीपाला आणून देणं यात एक वेगळीच कळ आहे. हे घर, ही बाई, हा पोरगा, यातलं काही उरणार नाही. शेवटचे कटसीन आले तेव्हा मला मेन पात्रांपेक्षा त्या बारक्यासारक्या लोकांचीच जास्त आठवण येत होती, आणि ती सगळी ओळख साईड क्वेस्टमधूनच झालेली.

मग चिडचिड कशाची? तर सक्ती चुकीच्या जागी बसवलीय, आणि ती माणसांवर न बसवता आकड्यावर बसवलीय.

जागेचं आधी बघू. हीच लेव्हल ४ ची अट जर थोडी आधी घातली असती, म्हणजे राजधानी ऑरेस्कोत पोचल्यावर, सगळं शांत असताना, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. त्या वेळी गोष्टीचा वेगच तसा असतो की भटकावंसं वाटतं. आपल्या टोळीतला ॲडम लोकांमध्ये मिसळणारा माणूस आहे, त्याच्याबरोबर गल्लीबोळ फिरणं हे त्या पात्रालाही शोभतं. मग गोष्टीला जो एकदा उतार लागला तो थेट शेवटापर्यंत. पण यांनी काय केलं, उताराच्या मधोमध दगड ठेवला. आणि गंमत अशी की जो माणूस सुरुवातीपासून मन लावून सगळ्यांची कामं करत आलाय त्याला हा दगड दिसतही नाही, कारण त्याची लेव्हल आधीच झालेली असते. दगड लागतो तो ज्याला गोष्टीची ओढ होती त्यालाच. म्हणजे ज्याला गोष्ट सगळ्यात जास्त आवडली त्याला शिक्षा.

आता आकड्याचं. लेव्हल ४ पाहिजे म्हटल्यावर डोक्यात लगेच हिशोब सुरू होतो, अजून किती लोक कमी पडतायत, कुणाचं काम पटकन होईल, कुठे जाऊन नुसतं बोललं तरी माणूस जमा होतो. मॅप उघडायचा, उद्गारचिन्हं शोधायची, फास्ट ट्रॅव्हल, बोला, एकच बटण धडाधड दाबा, पुढचा. त्यात काही लोक ठरावीक वेळेलाच भेटतात, म्हणजे शेकोटीवर जाऊन रात्रीची सकाळ करायची, परत तिथे जायचं. ज्या माणसांवर आपला जीव जडावा म्हणून हे सगळं केलं त्यांचे डायलॉगही आपण वाचत नाही! मी नाही वाचले, खोटं कशाला बोलू. तीच क्वेस्ट आधी आपणहून केली असती तर प्रत्येक ओळ वाचली असती. एकच क्वेस्ट, तेच संवाद, फक्त दारावर आकडा टांगला की माणसाचं पूर्ण वागणं बदलतं. हे बनवणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हाच आजार फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमला वेगळ्या प्रकारे आहे. तिथे मेन स्टोरी हीच सक्तीची, तुम्हाला नवीन एक्सपान्शनमध्ये जायचं असेल तर मागचं सगळं, अगदी सगळं, संपवूनच जावं लागतं. २०१३ चं अ रेल्म रिबॉर्न आणि २०१५ चं हेवन्सवर्ड यांच्यामध्ये पॅचमधून आलेल्या क्वेस्ट होत्या जवळपास शंभर. त्यातल्या कितीतरी म्हणजे इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा निरोप इकडे, परत त्याच खोलीत टेलिपोर्ट, परत तीच माणसं, परत मान हलवा. किती जण हेवन्सवर्डचं दार बघायच्या आधीच गेम सोडून गेले असतील देवाला ठाऊक. माझा एक मित्र तर तिथेच आहे अजून, म्हणजे त्याचं पात्र आहे, तो नाहीये. शेवटी स्क्वेअर एनिक्सलाच ते पटलं असावं, ऑगस्ट २०२० च्या ५.३ पॅचमध्ये त्यांनी अ रेल्म रिबॉर्नच्या क्वेस्टना कात्री लावली. आणि हो, स्टोरी स्किप करायचं एक आयटम त्यांच्या दुकानात पैसे देऊन विकत मिळतं. कंटाळा यांनीच बनवायचा आणि तो टाळायचे पैसेही यांनीच घ्यायचे, वा रे वा.

त्या गेममधला टायटन नावाच्या बॉसच्या आधीचा भाग तर दंतकथा झालाय. एवढा मोठा प्रायमल (राक्षसी देव) अंगावर येतोय, त्याला आधी हरवलेल्या जुन्या भाडोत्री सैनिकांकडून त्याच्यापर्यंत पोचायची वाट कळणार आहे, आणि ते म्हातारे म्हणतात आधी मेजवानी करू. मग वाईन आणा, अंडी आणा, चीज आणा. चीजसाठी एक अख्खं डंजन! नंतर कळतं की ते आपली परीक्षा घेत होते. मला आता तो भाग आठवला की हसू येतं आणि थोडं प्रेमही वाटतं, पण ते आता. तेव्हा शिव्याच दिल्या होत्या.

पण याच गेमने, त्याच ५.३ पॅचमध्ये, एक उलटी गोष्ट केली जी मला फार आवडली. क्रिस्टल टॉवर नावाची २४ जणांनी मिळून खेळायची रेडची (मोठ्या सामूहिक लढायांची) मालिका होती, तीन भागांची, पूर्ण ऐच्छिक. ती त्यांनी सक्तीची करून टाकली, ती केल्याशिवाय हेवन्सवर्डला जाताच येत नाही. आता तुम्ही म्हणाल एकीकडे कमी करायचं आणि एकीकडे वाढवायचं हा काय प्रकार. तर कारण असं की २०१९ च्या शॅडोब्रिंगर्सची गोष्ट ज्या एका पात्रावर उभी आहे त्याची पहिली भेट त्या टॉवरमध्ये होते. ज्यांनी टॉवर केलाच नव्हता त्यांना शॅडोब्रिंगर्समधला तो मोठा क्षण आला तेव्हा समजेचना की आपण नेमकं कशासाठी रडायचंय. म्हणजे ही सक्ती तासांसाठी नव्हती, एका माणसासाठी होती. आणि ती बसवली पण बरोबर जागी, कितीतरी आधी, जिथे ती करताना आपली कुठलीच घाई मोडत नाही. सक्ती करायची तर अशी करा की.

याच गेमच्या २०२४ च्या डॉनट्रेल एक्सपान्शनबद्दल मात्र माझं मत अजून जरा कडूच आहे. त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे सिंहासनासाठीची स्पर्धा, एकेका जमातीकडे जायचं, त्यांचं काम करायचं, त्यांच्याकडून शिकायचं. अल्पाका काय, तरंगत्या चित्ररथाचा उत्सव काय, मिळून एक पारंपरिक पदार्थ शिजवणं काय. एकेक सुटं बघितलं तर गोड आहे. पण आपलं पात्र तोवर ब्रह्मांड वाचवून आलेलं, आणि इथे ते सिंहासनाची दावेदार वुक लामात हिच्या मागे उभं राहून मान डोलावतंय, तास न् तास. मेन क्वेस्टच साईड क्वेस्टच्या चालीने चालायला लागली की काय होतं याचं हे उदाहरण. दुसऱ्या भागात एकदम पट्टा तुटल्यासारखा वेग येतो, आणि मग जिथे थांबून बघावं असं सगळ्यात जास्त वाटतं तिथे थांबायला वेळ नाही. लिव्हिंग मेमरी या शेवटच्या भागात मात्र परत फिरवलंय, आणि ते जमलंय. तिथे फिरणं हेच दुःख आहे, त्यामुळे हळू चाललेलं चालतं.

एल्डन रिंगचं वेगळंच. त्याचं शॅडो ऑफ द अर्डट्री हे एक्सपान्शन जून २०२४ मध्ये आलं, आणि आत शिरायला राडान आणि मोग या दोन बॉसना हरवलेलं असणं गरजेचं. त्यातला मोग मूळ गेममध्ये पूर्णपणे ऐच्छिक, त्याच्यापर्यंतचा रस्ताच मुळात लपवलेला, एक तर वॅरे नावाच्या पात्राची क्वेस्ट करा नाहीतर बर्फाळ भागातलं ते गेटवे शोधा. गेम कधीच संपवलेले लोक एक्सपान्शन घेऊन बसले आणि बघतात तर आत जायला वाटच नाही. आत गेल्यावर स्टोरीसाठी म्हणून अशी सक्ती फार नाही, पण स्कॅडूट्री फ्रॅगमेंट (ताकद वाढवणारे तुकडे) गोळा केले नाहीत तर बॉस एका फटक्यात घरी पाठवतात, म्हणजे सक्तीच झाली की ती, फक्त पाटी लावलेली नाही. एकूण ५० तुकडे, २० लेव्हल. लोकांनी इतकी बोंबाबोंब केली की रिलीजनंतर काही दिवसांतच सुरुवातीच्या लेव्हलची ताकद वाढवावी लागली. तरी मला हे टोर्नापेक्षा मान्य आहे, कारण इथे कुणी तुम्हाला घाई करत नाही. जग मेलेलंच आहे, तुम्ही सावकाश या.

आता ज्याच्यासाठी मी कुठल्याही माणसाशी भांडायला तयार आहे त्याच्याबद्दल. विचर ३ चं हार्ट्स ऑफ स्टोन, ऑक्टोबर २०१५. लोक त्याच गेमच्या दुसऱ्या एक्सपान्शनचं, ब्लड अँड वाइनचं, कौतुक करतात, करा, त्यातला टूसाँ प्रदेश सुंदर आहे, स्वतःचा द्राक्षमळा मिळतो, सगळं मान्य. पण पेसिंग, म्हणजे गोष्टीचा वेग सांभाळणं, शिकायचं असेल तर हार्ट्स ऑफ स्टोन बघा.

ओलगिएर्ड नावाच्या सरदाराच्या इच्छा पूर्ण करायच्या असतात. त्यातली एक अशी की माझ्या भावाला एक रात्र मजा करवून आण. भाऊ मेलेला आहे. मग त्या भावाचं, व्लोदिमीरचं, भूत आपला नायक गेराल्ट याच्या अंगात शिरतं आणि हे दोघं, म्हणजे एकाच शरीरात, गेराल्टची जुनी मैत्रीण शानी हिच्याबरोबर एका लग्नाला जातात. आणि तिथे काय करायचं? डुकरं पळवून कुंपणात कोंडायची. तळ्यात बुडी मारून बूट काढायचा. नाचायचं, प्यायचं. कामाची यादी काढलीत तर टोर्नातल्या कुठल्याही क्वेस्टपेक्षा फालतू कामं आहेत ही, आणि सक्तीची आहेत, लग्नाला न जाता गोष्ट पुढे सरकतच नाही. पण एकदाही वाटत नाही की आपला वेळ घालवतायत. का? एक तर गेराल्टसारखा ठोंब्या चेहऱ्याचा माणूस अचानक कंबर हलवतोय आणि दिसेल त्या बाईवर लाइन मारतोय, हे बघण्यातच अर्धा जीव खूश. शानी तर त्याच्याकडे असं बघते की बास. दुसरं म्हणजे मुदत आहे, मध्यरात्रीपर्यंतच. मेलेल्या माणसाची शेवटची मजा आहे ही, आणि आपल्याला ते माहितीये, त्यालाही ते माहितीये. त्यामुळे डुकरं कोंडतानाही मागे कुठेतरी घड्याळ वाजत असतं. आणि मग खरा खलनायक गाँटर ओडिम येतो. ज्यांनी खेळलंय त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल.

घाई आणि रिकामटेकडेपणा एकाच क्वेस्टमध्ये कसा बसवायचा ते इथे दिसतं. टोर्नाला हेच हवं होतं खरं तर. लोक बुडणार आहेत ही घाई, आणि त्या लोकांबरोबर वेळ घालवायचा हा निवांतपणा. साहित्य सगळं होतं हातात. मग आकडा कशाला मागायचा? चार माणसं ठरवायची, त्यांची नीट लिहिलेली कामं मेन स्टोरीतच घालायची, बाकीचे सगळे चेहरे ज्याला हवे त्याच्यासाठी ठेवायचे.

सायबरपंक २०७७ वाल्यांनी फँटम लिबर्टी या एक्सपान्शनमध्ये (सप्टेंबर २०२३) अजून एक मधला मार्ग काढलाय. डॉगटाउन या वस्तीत मोठं मिशन झालं की रीड नावाचा हेर म्हणतो फोन करतो, आणि तुमच्या यादीत येतं की फोनची वाट बघा. बस. तुम्ही मिस्टर हँड्स नावाच्या दलालाची कामं करा, गाडीतून भटका, नाहीतर मेन्यूत जाऊन सरळ वेळ पुढे ढकला. दार बंद आहे पण किल्ली तुमच्याच हातात. आणि हेरगिरीच्या गोष्टीत वाट बघणं शोभतंही, कुठल्यातरी गलिच्छ खोलीत बसून फोनकडे बघत राहणं हा त्या धंद्याचाच भाग. शिवाय ती ऐच्छिक कामं इतकी चांगली लिहिलीयत, शेवटी काहीतरी ठरवायला लावणारी, की मी एकदाही वेळ पुढे ढकलली नाही. आपण होऊन केली सगळी. सक्ती न करता लोक साईड क्वेस्ट करतात हो, चांगली असली तर!

मग बाकीचे असं का करत नाहीत? मला वाटतं तासांचं प्रेशर. एक्सपान्शन विकताना पहिला प्रश्न असतो किती तासांचं आहे, आणि आपण पण काही कमी नाही, आपल्याकडे तर पैसा वसूल हा निकष आधी. स्विच भारतात निंटेंडोने अधिकृत आणलाच नव्हता, सगळा माल इंपोर्टवाल्याकडून, त्याच्या भावाने, मग १० तासांचं एक्सपान्शन म्हटलं की पोटात गोळा येतो, २० तासांचं म्हटलं की बरं वाटतं. पण त्या २० मधले ४ तास मी चिडून फास्ट ट्रॅव्हल करण्यात घालवले तर ते माझ्या वसुलीत धरायचे की त्यांच्या? हार्ट्स ऑफ स्टोन त्यामानाने छोटं आहे आणि त्यातली एक रात्र मला अजून पाठ आहे.

असो. कुणी टोर्ना आता सुरू करणार असाल तर एवढंच करा: गॉरमॉटमध्ये असल्यापासूनच जो भेटेल त्याच्याशी बोलत चला, वाटेवरची कामं वाटेवरच उरका, रात्री मुक्काम पडला की आजूबाजूला एक चक्कर मारा कारण काही जण तेव्हाच दिसतात. ऑरेस्कोत पोचलात की मेन मार्कर सरळ विसरा आणि दोन-तीन संध्याकाळी तिथेच काढा. लेव्हल ४ आपोआप होऊन जाईल, आणि मग ती पाटी तुमच्यासमोर आली तरी लगेच पुसली जाईल. आणि आपल्या टोळीतल्या मिथ्राला स्वयंपाकापासून जमेल तितकं लांब ठेवा, जिन आहे ना त्याला.